इनेसचा शेवट

जेबाला किळस फार लवकर यायची. लहानपणी अहमदपुरात ओल्या फडक्याचा वास आला तरी ती ताटावरून उठायची. अम्मी कपाळाला हात लावायची, "इस छोरी की नाक देखो, नवाबां के घर की है!" वडील दस्तगीर शिंपीकाम करायचे. दुकानात अल्टर करायला आलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्याला पोरगी बोट लावायची नाही. काडीनं उचलून द्यायची.

हीच जेबा पुढं लातूरच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायला लागली. मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या मुज्तबाशी तिचं लग्न झालं. मुज्तबाच्या हाताला कायम वार्निशचा वास. त्याची मात्र तिला कधी किळस आली नाही. आपल्या नाकाचं हे गणित तिला स्वतःलाच कधी कळलं नाही.

मग भूकंप झाला. शाळा महिनाभर बंद राहिली आणि शिक्षकांना औसा, निलंग्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडवर मदतीला धाडलं. जेबा जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती गेली. पहिल्या दिवशी नाकाला पदर बांधून एसटीतून उतरली आणि थोड्याच वेळात तिनं तो सोडला. मातीखाली राहिलेल्या माणसा-जनावरांच्या वासाचं दुःख होतं, भीती होती, पण किळस नव्हती.

किळस आली ती रस्त्याच्या कडेला पडलेल्या ढिगाऱ्यांची. ते ढिगारे घरांचे नव्हते, कपड्यांचे होते. कुठून कुठून ट्रक भरभरून आलेले. घामाचे पिवळे डाग पडलेले सदरे, चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे बूट, कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली आतली कापडं. पावसानं भिजून सगळं कुजायला लागलेलं. एक म्हातारी त्यातला बायकांचा पोहायचा पोशाख दोन बोटांत धरून विचारत होती, "बाई, हे कुठं घालायचं असतंय?" जेबाला भडभडून आलं ते त्या कपड्यानं नाही. कुणीतरी आपल्या घरातला उकिरडा उचलून या म्हातारीच्या हातात दिला होता आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतलं होतं, त्यानं.

पुस्तकांची खोकीही तशीच होती. 'मुलांसाठी भेट' असं वर लिहिलेलं. आत अर्धी रंगवलेली चित्रांची पुस्तकं, कुणालाच न कळणाऱ्या भाषांमधली पाठ्यपुस्तकं, एक तर कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तिका. सगळ्यात तळाशी कव्हर फाटलेली एक कादंबरी होती. पाणी लागून फुगलेली. जेबानं ती शेवग्याच्या काडीनं उलटली, पहिलं पान वाचलं, आणि मग हातात घेतली.

चिली नावाच्या देशातली गोष्ट. मूळ स्पॅनिश, हातात आलेलं इंग्रजी भाषांतर. समुद्राकाठचं मासे धरणाऱ्यांचं गाव, तिथं भूकंप होतो. इनेस नावाची चौदा वर्षांची पोरगी वाचते, आई जाते. एवढं ऐकलं की माणसाला वाटावं, आता ही पोरगी धीरानं उभी राहील. इनेस तसलं काही करत नाही. ती चिडते. चोऱ्या करते. उवा झाल्या म्हणून तिचे केस कापतात, तर कापणाऱ्या बाईच्या हाताला चावते. तंबूत असतानाच तिला पहिल्यांदा पाळी येते आणि कुणाकडं मागायला कापड नसतं, तेही त्या पुस्तकात सरळ लिहिलेलं. शहरातल्या दयाळू बायका रोज सूप घेऊन येतात आणि ही त्या पातेल्यात थुंकते.

जेबानं ते एसटीत बसून संपवलं. मनात आलं, आपल्याकडं मोठ्या पोरींसाठी असलं कुणी लिहिलंय का? आपल्याकडच्या पुस्तकातल्या पोरी एक तर परीकडं जातात, नाहीतर आईला स्वयंपाकात मदत करतात.

शेडमध्ये मोठ्या पोरींचे हालच होते. लहान लेकरांना खेळणी आणि बिस्किटं यायची, बायकांना साड्या. या तेरा-चौदा वर्षांच्या पोरी कशातच धरलेल्या नव्हत्या. त्यांच्यातच वर्षाराणी होती. आई आणि धाकटा भाऊ गेलेला. बाप रामकिशन त्या रात्री शेतात राखणीला होता म्हणून वाचलेला. वर्षाराणी दिसायला तरतरीत, बोलायला स्पष्ट, म्हणून कुणीही पाहुणा आला की तिला पुढं करायचे. "साहेब, हिची आई गेली. सांग गं." ती सांगायची. तेच वाक्य, त्याच सुरात, पाढा म्हटल्यासारखं. पुढं पुढं तर गाडीचं दार वाजलं की न बोलावताच येऊन उभी राहायची.

जेबानं दुपारी या पोरींना गोळा करून पुस्तक वाचायला सुरुवात केली. इंग्रजी डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची. आधी पुस्तकी बोलली, तर पोरी जांभया द्यायला लागल्या. मग तिनं इनेसला सरळ औशाची करून टाकलं. "मला नगं तुमचं सूप," इनेस म्हणाली आणि थुंकली. पोरी हसल्या. पत्र्याखाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं. बाहेरच्या बाया डोकावून गेल्या.

वर्षाराणी हसली नव्हती. तिनं विचारलं, "बाई, हिला पण रोज सांगाय लावतेत का, आई कशी मेली म्हणून?"

"हो."

"मग ती काय करती?"

"खोटं सांगते. दर वेळी वेगळं."

दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ आले. वर्षाराणी पुढं झाली आणि न अडखळता म्हणाली, "माझी आई कलेक्टर हाय. मीटिंगला गेलीया." गृहस्थांनी मान हलवली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या शेडकडं वळले. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पुस्तकाच्या शेवटी इनेसला शहरातल्या अनाथाश्रमाच्या शाळेत पाठवायचं ठरतं. ती पहाटे उठून मामाच्या नावेत जाऊन बसते आणि मासे धरायला निघून जाते. शाळेत जात नाही. मोठी कुणी होत नाही. समुद्र, जाळं, आणि तिच्या हाताला येणारा माशांचा वास, एवढ्यावर गोष्ट थांबते. हे वाचून झालं तेव्हा पोरींमध्ये भांडण लागलं. कुणी म्हणाली बरं केलं, कुणी म्हणाली येडी हाय. वर्षाराणीनं पुस्तक मागून घेतलं आणि पुढं आणखी काही आहे का म्हणून शेवटचं पान उलटून पाहिलं.

पुढं शेड उठले, नवी गावं बसली. वर्षाराणीला कुठल्याशा संस्थेनं वसतिगृहात ठेवल्याचं जेबाच्या कानावर आलं. भेट काही झाली नाही.

जेबानं ते पुस्तक मराठीत उतरवायला घेतलं. शाळा, घर, दोन लेकरं, यातून जमेल तसं. माशांच्या नावांपाशी ती अडायची. लातुरात समुद्र कुठला? मुज्तबा म्हणायचा, "मरळ लिही ना. आपल्याकडं तेवढाच मासा हाय." ती हसायची आणि मग दोन दिवस त्या एका शब्दावर घालवायची.

या वर्षांत लातूर तिच्या डोळ्यांदेखत दुसरंच काही झालं. गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या लागल्या. हिमायतनगर, मुखेड, पार नांदेडच्या पलीकडून आईबाप लेकरांना घेऊन येऊ लागले, पत्र्याची पेटी आणि गादी रिक्षात टाकून खोल्या शोधू लागले. चौकात देवांच्या जागी पोरांचे फोटो आले, फोटोखाली टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत चार चार पोरं. दारातून आत डोकावलं की ओल्या मोज्यांचा, शिळ्या डब्याचा, न झोपलेल्या अंगांचा वास यायचा. जेबाच्या वर्गात पूर्वी एखादी तरी पोरगी तिच्याकडून गोष्टीचं पुस्तक मागून न्यायची. आता तिनं पुस्तक वर केलं की पहिला प्रश्न यायचा, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की बंद होणाऱ्या पोरांच्या डोळ्यांकडं बघून तिला पोरांची नाही, ते डोळे तसे घडवणाऱ्यांची शिसारी यायची.

भाषांतर पूर्ण झालं तेव्हा लातुरात पुस्तक प्रदर्शन लागलं होतं. पुण्याचे एक प्रकाशक आले होते. त्यांनी काही पानं चाळली आणि मऊ आवाजात म्हणाले, "भाषेत जोम आहे हो. पण किशोरांसाठी थोडं घाणेरडं नाही का वाटत? उवा, थुंकी, शिवाय ते... मुलींचं. आणि शेवटी संस्कार काय होतो?"

जेबा म्हणाली, "आमच्याकडं शेडमधल्या पोरींना वाचून दाखवलं होतं. त्यांना घाण वाटलं नाही."

"त्यांचं वेगळं," प्रकाशक म्हणाले.

त्या 'त्यांचं वेगळं'ची चव तिच्या जिभेवर बरेच दिवस राहिली, खवट शेंगदाणा चावल्यासारखी.

मग एक दिवस रेवणप्पा घरी आला. पूर्वी तिच्याच शाळेत फिजिक्स शिकवायचा, पुढं नोकरी सोडून क्लास काढला आणि आता लातुरातल्या मोठ्या क्लासवाल्यांत त्याची गणना होत होती. चहा घेता घेता म्हणाला, "जेबाबाई, तुमचं ते भूकंपाचं पुस्तक द्या. मी छापतो. माझ्या पोरांना वाचू द्या की जरा माणसासारखं काहीतरी. दिवसभर नुसते उत्तरपत्रिकेतले गोल काळे करून राहिलेत."

या एका वाक्यावर जेबा भुलली. तो गेल्यावर मुज्तबा म्हणाला, "तेरे को पटता क्या ये आदमी?" तिनं त्याला गप्प केलं. तिला इतकंच दिसत होतं की कोंडलेल्या खोलीतली एखादी पोरगी गादीवर पालथी पडून इनेस वाचते आहे.

पुस्तकाचं प्रकाशन क्लासच्या गुणगौरव सोहळ्यातच ठेवलं होतं. मोठं सभागृह, गच्च भरलेलं, पुढं टॉपर आणि त्यांचे आईबाप. जेबाला मंचावर बसवलं, शाल दिली, आणि चमकत्या कागदाची फीत सोडून पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

नाव होतं 'राखेतून शिखराकडे'. तिला पहिली गोष्ट सुचली ती ही की भूकंपात राख कुठून आली? कव्हरवर ॲप्रन घातलेल्या पोरीचा फोटो. खाली 'अनुवाद : प्रा. जेबा'. ती प्राध्यापक कधीच नव्हती.

मंचावर भाषण चालू होतं. तिनं पानं उलटली. उवा गेलेल्या. चोऱ्या गेलेल्या. थुंकलेलं सूप आता इनेस हात जोडून पीत होती. तंबूतला तो दिवस पानासकट नाहीसा. प्रत्येक प्रकरणाखाली चौकटीत 'या प्रकरणातून आपण काय शिकलो?' आणि चार पर्याय. ती थेट शेवटच्या पानावर गेली. तिथं नाव नव्हती, समुद्र नव्हता. इनेस कंदिलाखाली अभ्यास करून मेडिकलला पहिली आली होती आणि तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

जेबाला कुणीतरी दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढल्यासारखं वाटलं. तेवढ्यात रेवणप्पानं तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. तिनं माईक धरला आणि म्हणाली, "हे पुस्तक मी केलेलं नाही. यावरून माझं नाव काढा."

रेवणप्पानं लगेच दुसरा माईक उचलून म्हटलं, "बघा, याला म्हणतात विनम्रता!" आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली एक आई तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. जेबाला पुन्हा बोलायचं होतं. तिचा माईक बंद झाला होता.

"आता आपल्याला प्रेरणा द्यायला येत आहेत आपल्या बायोलॉजीच्या वर्षाराणी मॅडम," घोषणा झाली.

जेबानं मान वर केली. आखडलेला चेहरा, नीटनेटकी साडी, पण ओळखायला वेळ लागला नाही. वर्षाराणी माईकपुढं उभी राहिली आणि सांगू लागली. तेरा वर्षांची होते. आई गेली. भाऊ गेला. तेच वाक्य, तोच पाढ्याचा सूर, फक्त आता भाषा पुण्याची. पोरं रडत होती. आईबाप डोळे पुसत होते. मागं पडद्यावर ढिगाऱ्यांचे फोटो सरकत होते, कुठल्या भलत्याच गावचे.

सोहळा संपल्यावर मंचामागच्या खोलीत जेबानं तिला गाठलं. नाश्त्याच्या कागदी ताटल्यांचा ढीग, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. वर्षाराणी वाकून पाया पडायला गेली. जेबा मागं सरकली.

"याचा शेवट कुणी बदलला?"

"मी," वर्षाराणी म्हणाली. मग जेबाकडं बघत राहिली आणि तिची पुण्याची भाषा गळून पडली. "सरांनी सांगितलं व्हतं खरं. पण लिहिला मीच. मला तो शेवट शेडमधीच पटला नव्हता बाई. ती नावेत बसली आन् गेली. आमच्याकडं नाव कुठं होती? तेरणा नदीत गुडघाभर पाणी. मी वसतिगृहात राहिले, पाठ केलं, पास झाले. डॉक्टर न्हाई झाले, हे झाले. दरसाल इथं उभी राहून आईचं सांगते. पोरं रडतेत आन् अभ्यासाला बसतेत. किळस आली ना तुम्हाला?"

जेबानं हातातलं पुस्तक मिटलं.

"येऊ द्या. मला बी येती. सवय झालीया."

जेबाला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. आलेला राग मात्र कुणावर काढायचा ते कळेना. शेवटी ती म्हणाली, "मग तुझी गोष्ट लिहायची होतीस. त्या पोरीची कशाला मोडलीस? ती तिची होती."

वर्षाराणीनं ताटल्यांवरची माशी हाकलली आणि ती बाहेर निघून गेली.

जेबानं रेवणप्पाला आपलं नाव काढायला लावलं. त्याला त्यात काहीच अवघड नव्हतं. "तुमची इच्छा, बाई," म्हणाला. तो हसतमुखच राहिला. पुढच्या आवृत्तीत अनुवादकाचं नाव नव्हतं. चिली नव्हती. इनेसही नव्हती.

ती आवृत्ती घेऊन वर्षाराणी एका दुपारी जेबाच्या दारात आली. दोघींची त्या दिवसानंतर भेट नव्हती. ती आत आली नाही. उंबऱ्यावरच पुस्तक पुढं केलं. कव्हरवर तिचाच फोटो, खाली 'एका भूकंपग्रस्त कन्येची सत्यकथा'.

"तुम्ही म्हणला होता ना, तुझी गोष्ट लिही. बघा, त्यांनी लिहिली."

जेबानं तिला हाताला धरून आत घेतलं. वर्षाराणीनं एक पान काढून दिलं. त्यात ढिगाऱ्याखालून आईचा हात बाहेर येतो आणि आई म्हणते, 'बाळा, रडू नको. डॉक्टर हो.'

"आई झोपेत गेली बाई," वर्षाराणी म्हणाली. "एक शब्द बोलली न्हाई. बाहेर काढली तवा तिच्या तोंडात माती होती. मी बोटानं काढली. आन् ह्यांनी त्या तोंडात हे घातलं."

जेबा उठून मोरीत गेली आणि खरोखरच ओकली. परत आली तेव्हा वर्षाराणी तशीच बसली होती. मुज्तबानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला होता आणि पंखा वाढवत होता.

"त्यांना विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, 'मॅडम, आईचं मोठेपणच दाखवलंय की.' मी इतकी वर्षं कशालाच न्हाई म्हणलं न्हाई, तर त्यांना वाटलं हिचं सगळंच आपलं."

त्या सालच्या सोहळ्यात वर्षाराणी मंचावर गेली. जेबा तिथं नव्हती, पण ऐकलेल्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "माझी आई झोपेत गेली. तिनं मला काहीच सांगितलं न्हाई. तुम्हाला जे व्हायचं ते व्हा." आणि खाली उतरून गेली. पोरं गोंधळली. रेवणप्पानं गाणं लावायला सांगितलं. पुढच्या महिन्यात तिची नोकरी गेली आणि ती अहमदपूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. 'सत्यकथा' मात्र बंद झाली नाही. दरसाल नव्या पोरांच्या हातात पडतच राहिली. लातुरातल्या रद्दीवाल्यांकडं तिचे गठ्ठे दिसले की जेबा रस्ता ओलांडून पलीकडं जायची.

इनेस अखेर नांदेडच्या एका लहान छापखान्यातून निघाली. साधा कागद, साधं कव्हर, नाव नुसतं 'इनेस'. त्याआधी वर्षाराणी रविवारी अहमदपूरहून यायची आणि दोघी मजकुरावरून हात फिरवायच्या. वर्षाराणी निर्दय वाचक निघाली. "हे गोड झालंय," म्हणून बोट ठेवायची, आणि बहुतेक वेळा ते गोड झालेलंच असायचं. शेवटच्या पानापाशी आल्यावर जेबानं विचारलं, "आता पटला का?"

"न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "पण तिचा हाय. राहू द्या."

पुस्तक दुकानात फारसं खपलं नाही. पण लातुरातल्या पोरींच्या वसतिगृहांतून ते हातोहात फिरायला लागलं. एका ठिकाणी वॉर्डननं गादीखालून काढून जप्त केलं, एका बापानं जेबाच्या शाळेत येऊन तक्रार केली की असली घाण वाचून पोरगी उलट बोलायला लागली. मुख्याध्यापकांनी जेबाला बोलावून घेतलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आधी ती बोलतच नसेल."

जेबा आता निवृत्त आहे. नाक अजून तसंच. सध्या तिच्यासमोर एका कोरियन कादंबरीचं इंग्रजी भाषांतर उघडं आहे. क्लासला जाणाऱ्या एका पोराची गोष्ट. तिसऱ्याच प्रकरणात तो भर वर्गात, फळ्यासमोर, उलटी करतो. गेल्या रविवारी ती आणि वर्षाराणी त्या एका शब्दावरून भांडत होत्या. जेबानं 'त्याला उलटी झाली' लिहिलं होतं.

"दवाखान्यातलं झालं ते," वर्षाराणी म्हणाली.

"मग 'ओकला'?"

"ओकला बरं हाय. पण कशावर ओकला ते लिहा की. पुस्तकात हाय ना?"

"आहे. सरांच्या बुटावर."

"मग तेच पहिलं घ्या," वर्षाराणी म्हणाली, आणि आतून मुज्तबाच्या हसण्याचा आवाज आला.